पंखा, पाणी आणि जुनी एम.जी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

जुन्या रस्त्याने बोरघाट किंवा खंबाटकी चढलेल्या लोकांना एक दृश्य नक्की आठवत असेल. वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली फियाट किंवा अँबेसेडर, रेडिएटरमधून निघणारी वाफ, हातात ओला फडका घेतलेला ड्रायव्हर आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेले कुटुंब. 'गाडी उकळली' असे आपण म्हणायचो. दूध उकळावे तसे. घाटाच्या मध्यावर पाण्याची टाकी असायची आणि तिच्यापाशी गाड्यांची रांग लागायची. हल्ली हे दृश्य जवळजवळ नाहीसे झाले. आपण समजतो की रस्ते सुधारले, म्हणून नाहीसे झाले. रस्ते सुधारले हे खरेच, पण आणखी एक गोष्ट बदलली. गाडीतला पंखा बदलला.

कवीला रेडिओवर बोलावतात ते बहुधा कवितेबद्दल बोलायला. या वेळी विषयाची मोकळीक मिळाली, म्हणून मी पंखा निवडला. त्याचे कारण माझा मामेभाऊ. साताऱ्यात त्याचे रेडिएटर दुरुस्तीचे दुकान आहे. आधी मामूंचे होते, आता त्याचे. मी त्याला भाई म्हणतो, गावातले लोक मिस्त्री म्हणतात आणि तो मला शायर म्हणतो. या हाकेत कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला अजून उमगलेले नाही. नोकरीवरून सुटल्यावर तासभर त्याच्या दुकानात बसायची माझी जुनी सवय आहे. शिशाच्या डागाचा वास आणि तापलेल्या पितळेचा रंग यांच्यात मला बरे वाटते.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर या दुकानात एक एम.जी.बी. आली. आजकाल एम.जी. म्हटले की २०१९पासून भारतात विकल्या जाणाऱ्या उंच, मोठ्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. ही ती नव्हे. मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डच्या जुन्या नावावरून एम.जी. हे नाव पडले. एम.जी.बी. ही दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या कारखान्यात ती १९६२ ते १९८० या काळात बनत होती आणि तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आमच्याकडे आलेली गाडी १९६६ची. मालक निवृत्त डॉक्टर, वय सत्त्याहत्तर. तरुणपणी इंग्लंडमध्ये नोकरीला होते, परतताना बोटीने गाडी घेऊन आले. गेली कित्येक वर्षे दर गुरुवारी ते याच गाडीने वाईला एका दवाखान्यात फुकट रुग्ण तपासायला जातात.

आता तक्रार अशी होती, की उघड्या रस्त्यावर गाडी ठीक चालायची. पण वाईच्या बाजारात किंवा साताऱ्याच्या नाक्यावर दहा मिनिटे अडकली, की काटा लाल खुणेकडे सरकायचा. दोनदा उकळली होती. परदेशातल्या मुलाचे म्हणणे, विकून टाका. मुंबईच्या एका संग्राहकाने चांगली रक्कम देऊ केली होती, पण अट अशी की गाडीत मूळचे आहे ते सगळे तसेच राहिले पाहिजे, एक स्क्रूसुद्धा परका नको. डॉक्टरांचे म्हणणे वेगळेच. त्यांचा वाहन परवाना नुकताच पाच वर्षांसाठी नूतनीकरण होऊन आला होता. ते भाईला म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या वेळी मला परवाना मिळेल की नाही सांगता येत नाही. ही पाच वर्षं मला गाडी चालवायची आहे, पुसून ठेवायची नाही. आणि हेड एकदा वाकलं तर ते दुरुस्त करत बसायला माझ्याकडे वेळ नाही."

भाईने बॉनेट उघडले आणि तो हसलाच. "हे तर अँबेसेडरचं खानदान," म्हणाला. ते खरे होते. आपल्या अँबेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन अनेक वर्षे होते, ते इंग्लंडच्या बी.एम.सी. कंपनीच्या 'बी' मालिकेतले. १९५५ साली आलेल्या एम.जी.ए. या स्पोर्ट्स कारमध्येही सुरुवातीला तेच होते. एम.जी.बी.मध्ये त्याच घराण्यातले थोरले, १७९८ सीसीचे. म्हणजे अंगाने राजबिंडी आणि पोटाने टॅक्सी! या इंजिनाची एक खोडही दोघींत सारखी आहे. चार सिलिंडर आणि जळका धूर बाहेर जायला वाटा मात्र तीन. मधल्या दोन सिलिंडरांची वाट एकच. त्यामुळे हेडच्या मध्यभागी उष्णता साचते आणि इंजिन तापले की पहिला मार तिथे बसतो.

आता पंख्याकडे येऊ. पेट्रोल जळून जी शक्ती निघते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला पाण्यात उतरतो. ते तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते, नळ्यांवरून वारा जातो, पाणी निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. गाडी पळत असेल तर वारा समोरून आपोआप मिळतो. उभी असेल तर पंख्याने ओढावा लागतो. जुन्या गाड्यांत हा पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवरच बसवलेला असतो आणि पट्ट्याने इंजिनच त्याला फिरवते.

इथेच सगळी गंमत आहे. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेरे करत असते. म्हणजे वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते नेमका तेव्हाच पंखा पेंगत असतो. आणि ताशी ऐंशी किलोमीटरने गाडी जाते, समोरून वारा भरपूर येतो, तेव्हा हा पठ्ठ्या जीव तोडून फिरतो. बरे, पंख्याचे फेरे दुप्पट झाले की त्याला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. ती ताकद इंजिनाच्या पदरातूनच जाते, आवाज होतो तो वेगळा. विजेचा पंखा या दोन्ही गोष्टी उलट्या करतो. इंजिन किती वेगाने फिरते याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पाणी ठरावीक उष्णतेला पोचले की तो चालू होतो, उतरले की बंद. म्हणून आजच्या बहुतेक मोटारींत तोच असतो. एम.जी.बी.च्या कंपनीनेही १९७७च्या मॉडेलपासून रेडिएटर पुढे सरकवून विजेचे पंखे बसवायला सुरुवात केली होती. डॉक्टरांची गाडी त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीची.

डॉक्टरांच्या भाच्याने इंग्लंडहून सामानातून पंख्याचा संच आणला. भाईला वाटले मी पेटी उघडू देईन. पण उघडू दिली ती डॉक्टरांनी, आणि लगेच बंद केली ती भाईने. "आधी रोग बघू," म्हणाला. डॉक्टरांना हे फार आवडले. "बरोबर. ताप हे लक्षण आहे. कपाळावर पट्टी ठेवली म्हणजे मलेरिया बरा होत नाही."

भाईचा साधा नियम असा : गाडी उभी असताना तापत असेल तर वाऱ्याचा दोष, पळताना तापत असेल तर पाण्याचा किंवा इंजिनाचा. पळतानाच तापणाऱ्या गाडीला कितीही मोठा पंखा लावा, उपयोग शून्य. डॉक्टरांची गाडी उभी असतानाच तापत होती, तरी त्याने सगळे तपासले. रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू केले आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिले. येत असते तर गॅस्केट गेले असे समजायचे. ते आले नाहीत. पट्टा ताणून पाहिला, इग्निशनचे टायमिंग पाहिले. मग रेडिएटर उतरवून वरच्या टाकीचा डाग सोडवला. आत पाहिले तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरी पुटे. बोअरच्या पाण्याचे क्षार! चहाच्या भांड्याला धरतात तसेच. बारीक पट्ट्या घालून एकेक नळी साफ करायला त्याला अख्खा दिवस लागला.

हे काम करणारे हात आता कमी होत चाललेत. तांब्यापितळेचे रेडिएटर उघडता येतात, डाग देऊन पुन्हा बंद करता येतात. आताचे अ‍ॅल्युमिनियमचे, त्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या. गळले की बदला. मामूंच्या काळी दुकानात चार माणसे होती, आता भाई एकटा आहे. त्याचा मुलगा पुण्याला कॉल सेंटरमध्ये आहे आणि खूश आहे. असो.

तपासात आणखी एक गोष्ट सापडली, म्हणजे सापडली नाही. थर्मोस्टॅट! पूर्वी कुणीतरी तो काढूनच टाकला होता. आपल्याकडे ही फार जुनी रीत आहे. गाडी तापते का, काढ वाल्व आणि दे फेकून. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे दार. इंजिन गार असताना ते बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापते. ठरावीक उष्णतेला उघडते. ते नसले की उघड्या रस्त्यावर इंजिन कधी पुरते तापतच नाही, पेट्रोल जास्त जाते, झीज वाढते. एम.जी.बी.साठी कंपनीने नेहमीचा ८२ अंशांचा, गरम मुलुखांसाठी ७४चा आणि थंड मुलुखांसाठी ८८चा असे तीन प्रकार ठेवले होते. मी डॉक्टरांचे जुने पुस्तक वाचून दाखवले आणि म्हटले, आपला मुलुख गरम, ७४चाच घालू. भाई म्हणाला, "शायर, दार किती लवकर उघडतं त्याने घरात किती गर्दी होते हे ठरत नाही." थर्मोस्टॅट इंजिनाची कमीत कमी उष्णता ठरवतो, जास्तीत जास्त नव्हे. नाक्यावर उभ्या गाडीत दार उघडेच असते. त्याने ८२चा बसवला.

पंख्याची पेटी मग उघडली. त्यातला कागद इंग्रजीत, म्हणून माझी नेमणूक झाली. बी.ए.चा एवढा थेट उपयोग मला क्वचितच झाला आहे. कागदात लिहिले होते, की सोबतच्या प्लास्टिकच्या काड्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून पंखा बसवा. भाईने त्या काड्या उचलून सरळ कचऱ्यात टाकल्या. गाडीच्या हादऱ्याने अशा काड्या नळ्यांवर घासत राहतात आणि वर्षा-दोन वर्षांत भोक पाडतात. त्याने लोखंडी पट्टीच्या दोन कमानी केल्या, त्या रेडिएटरच्या मूळच्याच बोल्टांत अडकवल्या. नवीन भोक एकही नाही.

पंखा रेडिएटरच्या मागे असावा की पुढे? मागून वारा ओढणारा पंखा केव्हाही चांगला, कारण तो समोरच्या वाऱ्याच्या आड येत नाही. पण या जुन्या गाडीत रेडिएटर इंजिनाला इतका चिकटून आहे की मागे जागाच नाही. म्हणून पुढे बसवून वारा ढकलायचा. जुनी पाती पुलीवरून चार बोल्ट काढून उतरवली. पट्टा मात्र राहिला, कारण पाण्याचा पंप आणि डायनामो त्याच्यावरच चालतात. विजेचा पंखा लावला म्हणून पट्ट्याची काळजी संपत नाही. तो तुटला तर पाणी फिरायचे थांबते आणि पंखा नुसताच भणभणत राहतो. शिवाय रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी भाईने फोमने बंद केल्या. वारा आळशी असतो, जाळीतून जाण्याऐवजी बाजूची फट शोधतो. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट तो फोम होती.

खरी डोकेदुखी वायरिंगची. आपल्या सगळ्या गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली असते. १९६७ सालापर्यंतच्या एम.जी.बी.त उलटे आहे, धन बाजू सांगाड्याला. मी कागद वाचत होतो, "काळी वायर सांगाड्याला जोडा." वायरमनने हात वर केला. असल्या मोटरीला वीज उलटी दिली की ती उलटी फिरते. म्हणजे पुढून वारा ढकलणारा पंखा समोरचा वारा परत बाहेर फेकू लागणार. आवाज तोच, फिरणे तेच, आणि गाडी पूर्वीपेक्षा लवकर उकळणार! त्याने टेबलावरच दोन्ही प्रकारे जोडून, वर्तमानपत्राचा कपटा पुढे धरून दाखवले. एकदा कपटा चिकटला, एकदा उडाला. जुन्या गाडीला पंखा लावणाऱ्या कुणीही हा कपटा विसरू नये.

दुसरा प्रश्न विजेचा. पंख्याला नऊ-दहा अँपिअर लागतात, सुरू होताना क्षणभर त्याहून बरेच जास्त. म्हणून त्याची वीज साध्या बटणातून न नेता रिले आणि वेगळा फ्यूज घालून थेट न्यायची. पण ती येणार कुठून? या गाडीचा डायनामो भरात असताना बावीस अँपिअर देतो. हेडलाइटचे नऊ, पंख्याचे दहा, इग्निशनचे तीन-चार. संपले बावीस. त्यातून गाडी उभी असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. पंखा चालणार तो नेमका तेव्हाच. म्हणजे सगळा भार बॅटरीवर. वायरमन म्हणाला, डायनामो काढा, अल्टरनेटर घाला, धन-ऋण बदलून टाका. कंपनीनेही १९६७च्या अखेरीस तेच केले होते. सल्ला चुकीचा नव्हता. पण तसे केले तर गाडीचे पोटच बदलते.

डॉक्टरांनी कागद-पेन्सिल घेतली. पंखा आणि इग्निशन मिळून चौदा अँपिअर. अर्धा तास अडकलो तर सात अँपिअर-तास. बॅटरी पन्नासच्या वरची. म्हणजे अर्धा तास सहज निभावते, पुढे रस्ता मोकळा झाला की डायनामो भरून काढतो. "आणि रात्री मी गाडी चालवत नाही," ते म्हणाले, "त्यामुळे हेडलाइट आणि पंखा एका वेळी लागायचेच नाहीत." डायनामो राहिला. रोज रात्री मुंबईच्या गर्दीत गाडी काढणाऱ्याला हा हिशेब लागू पडणार नाही, त्याने अल्टरनेटरच घालावा.

उष्णता ओळखून पंखा चालू करणारे बटण कुठे बसवायचे यावर बराच खल झाला. संचातली तार रबरी नळीच्या तोंडातून आत खुपसायची होती. तिथून पाणी झिरपते. भाईने शेजारच्या लेथवर पितळेची एक आखूड नळी कातून घेतली, तिला आट्यांची टोपी डाग देऊन बसवली, वरच्या रबरी नळीचे दोन तुकडे करून मध्ये ती घातली आणि बटण तिच्यात फिरवले. मात्र पितळ दोन्हीकडून रबरात अडकलेले, त्याचा सांगाड्याशी संबंध नाही. म्हणून त्याला सांगाड्याची वेगळी वायर द्यावी लागली. ती दिली नसती तर पंखा कधीच लागला नसता. बटण ९२ अंशांना लागते आणि ८७ला सुटते. थर्मोस्टॅट ८२चा असल्यामुळे हे आकडे जुळतात. ८२च्या खाली पंखा लावायला गेलात, तर तो एकदा चालू झाला की बंद व्हायचे नावच घेणार नाही.

झाकणाचेही सांगतो, कारण हात भाजलेले लोक मी दुकानात पुष्कळ पाहिले आहेत. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरची शिटी. आत दाब राहतो म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. सात पौंडांच्या झाकणाला ते ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत तग धरते. आणि दाब नसेल तर उलट, महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे म्हणजे कुकरची वाफ न जिरवता झाकण काढणे. फडका घेऊनसुद्धा उघडू नये. भाईने पाण्यात निम्मे कूलंट घातले आणि डॉक्टरांना बजावले, "डाक्टरसाब, आता बोअरचं पाणी बंद. नाहीतर मी पुन्हा चहाची किटली घासत बसणार."

मे महिन्यातल्या एका दुपारी, ऊन चाळिशीला टेकलेले असताना, गाडी दुकानासमोर वीस मिनिटे नुसती चालू ठेवली. काटा चढला, पंखा लागला, काटा उतरला, पंखा थांबला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. डॉक्टर आत बसून होते. पंखा थांबला की मागच्या पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू यायची. गर्दी जमली होती, पण बघण्यासारखे काही घडत नसल्यामुळे पांगली.

संग्राहकाचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला पंख्याबद्दल सगळे सांगितले. तो हळहळला. मूळची पाती, त्यांचे चार बोल्ट आणि अखंड रबरी नळी फडक्यात बांधून डिकीत ठेवली आहेत. दोन तासांत सगळे पूर्ववत करता येते. तरी त्याला ते रुचले नाही. मला त्याची भूमिका कळते. जुन्या वस्तूत आपल्या सोयीने बदल करत गेले तर शेवटी जुने काय उरते, हा प्रश्न कवितेच्या पाठभेदांबाबतही पडतोच. पण जी वस्तू चालण्यासाठी केली होती तिला काचेत ठेवून मूळ म्हणायचे, हे मला पटत नाही. या भांडणात मी डॉक्टरांच्या बाजूने आहे.

एक काम उरले आहे. या गाडीचे दोन्ही कार्बोरेटर धुराच्या लोखंडी नळ्यांच्या अगदी वर बसलेले. गाडी बंद केली की पाणी थांबते, वारा थांबतो आणि खालची सगळी धग वर चढून कार्बोरेटरातले पेट्रोल तापवते. वाईहून निघताना कधीकधी गाडी त्यामुळे पटकन सुरू होत नाही. किल्ली काढली तरी पंखा चालू ठेवावा असे वायरमनचे म्हणणे; भाई नको म्हणतो, कारण बॉनेटमध्ये कुणाचा हात असताना पंखा अचानक लागला तर बोटे जातील. सध्या डॉक्टर गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटे तशीच चालू ठेवतात. पावसाळ्यानंतर भाई मध्ये पत्र्याची एक ढाल घालून बघणार आहे.